हात ठेवायचा तर खांद्यावर

कारखान्यात तिला भोंगाबाई म्हणायचे, आणि आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा हे नाव तिला जास्त शोभतं असं तिची सख्खी मुलगीसुद्धा म्हणते. झालं असं होतं, की पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्याचा भोंगा एकदा बिघडला. पाळी सुटल्याचं तिन्ही शेडमध्ये कळवायचं कसं, म्हणून सुपरवायझर डोकं धरून बसला. ही झाकणं ठोकायच्या मशीनवरून उठली, दारात जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "सुटलं गं बायांनो, चला घरी." पलीकडच्या रस्त्यावरचे लोकही थबकले म्हणतात. भोंगा दुरुस्त व्हायला आठवडा लागला, आणि तो आठवडा हिनेच चालवला. पुढे भोंगा बरा झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

बाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. मशीनचा ठोका दिवसभर कानात बसतो, कापूस तरी द्या, असं ती सुपरवायझरला सांगायला गेली. तो म्हणाला, "कानात कापूस घातलास तर मी बोलावलेलं ऐकू कसं येणार?" ही म्हणाली, "तुम्ही बोलावता तेव्हा ऐकण्यासारखं काय असतं?" सगळ्या शेडमध्ये हशा पिकला. कापूस मात्र मिळाला नाही. हसण्याने कान वाचत नाहीत, हे तिला पुढच्या वीसेक वर्षांत कळलं. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग पावलांचा आवाज, मग मागून मारलेली हाक. शेवटी उरला तो फक्त डोक्यातला ठोका, तोही मशीन बंद असताना.

हे सांगायचं कुणाला? कारखान्याचा नियम सोपा होता. ज्याला ऐकू येत नाही त्याला मशीनवरून उठवायचं आणि हातात झाडू द्यायचा, पगारही झाडूचाच. भोंगाबाईने झाडू घेतला नाही. ती ओठ वाचायला शिकली. समोरचा बोलायला लागला की तिची नजर त्याच्या तोंडावर खिळायची, आणि लोकांना वाटायचं काय रोखून बघते बाई. समोर असलेला माणूस तिला कळायचा. त्याने पाठ फिरवली की जग बंद. आवाज मोठा होता तो होताच. लोक म्हणायचे, कारखान्यातली आहे, वळण नाही. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.

तिच्या नवऱ्याला तेवढं ठाऊक होतं. तो गरीब स्वभावाचा, शिंप्याच्या दुकानात काजं करणारा माणूस. त्याने कधी डॉक्टरचं नाव काढलं नाही, कधी कीव केली नाही. फक्त काही बोलायचं असलं की आधी येऊन तिच्यासमोर उभा राहायचा, तिच्याकडे तोंड करायचा आणि मग बोलायचा. मीठ संपलंय हे सांगायलासुद्धा. साऱ्या संसारात तो तिच्या पाठीमागून एक शब्द बोलला नाही. तो गेला तेव्हा भोंगाबाई रडली ती याच एका गोष्टीसाठी, आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही.

मग नोकरी संपली आणि ती मुलीकडे राहायला आली. मुलगी चांगली होती, जावईही वाईट नव्हता. पण मुलगी बोलायची ती गॅसकडे तोंड करून आणि जावई बोलायचा तो मोबाइलमध्ये. जेवताना दोघं हसली की ही विचारायची, "काय झालं?" आणि उत्तर यायचं, "काही नाही." बहिऱ्या माणसाला 'काही नाही' याच्याइतकी मोठी शिवी दुसरी नाही. मुलीने हौसेने कानाचं यंत्र आणून दिलं होतं. ते घातलं की पंखा, भांडी, खुर्चीचा पाय, शेजारचा कुत्रा, सगळं एकदम डोक्यात ओतलं जायचं आणि माणसाचं बोलणं त्यात कुठे सापडायचं नाही. दोन महिने तिने ते सोसलं. मग एका पत्र्याच्या डब्यात घातलं, झाकण दाबून बसवलं आणि डबा कपाटावर ठेवला.

तर अशी ही बाई त्या गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये गेली ती प्रार्थनेला नव्हे, भांडायला. फाटकावरचा दिवा बरेच दिवस बंद होता आणि अंधारात पायरी चुकून ती पडता पडता वाचली होती. फादर सापडेनात, म्हणून ती मागच्या खोलीकडे गेली. ही खोली पूर्वी मोडक्या बाकांची होती. आता तिथे खुर्च्या गोलात मांडलेल्या, मध्ये एका स्टुलावर मेणबत्ती, भिंतीवर क्रूस, आणि आठ-दहा माणसं डोळे मिटून बसलेली. भोंगाबाई दारातच थांबली. या खोलीत एकाचेही ओठ हलत नव्हते.

माणसांनी भरलेल्या खोलीत शिरलं की तिची नजर या तोंडावरून त्या तोंडावर धावायला लागायची, कुणाचं काही सुटू नये म्हणून. डोळे दुखून यायचे. इथे धावायला जागाच नव्हती. दिव्याचं भांडण तिने गिळलं, एक रिकामी खुर्ची धरली आणि बसली. नवरा गेल्यापासून माणसांत बसून तिला पहिल्यांदाच बरं वाटलं.

ध्यानाची ही बैठक घ्यायच्या त्या सिस्टर. वयाने बऱ्याच मोठ्या, हातात कायम रुमाल, आणि बोलणं इतकं सावकाश की ओठ वाचणाऱ्याला सणच. त्यांची रीत अशी होती. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलातल्या येशूच्या कथेतला, एक प्रसंग त्या दोनदा वाचायच्या. मग म्हणायच्या, "आता त्या जागी जाऊन उभे राहा. कोण कुठे आहे बघा. ऊन आहे का, धूळ आहे का, बघा. प्रभू तुमच्याकडे वळून काय म्हणतो ते ऐका, आणि तुम्हाला जे म्हणायचं असेल ते म्हणा." मग अर्धा तास कुणी बोलायचं नाही. शेवटी सिस्टर एक छोटी पितळी घंटा वाजवायच्या, डोळे उघडायचे, आणि ज्याला हवं त्याने आपण काय पाहिलं ते सांगायचं. सांगणाऱ्याला उलट बोलायचं नाही, शिकवायचं नाही, सुधारायचं नाही. पुढच्या आठवड्याचा प्रसंग दारावर लावलेला असायचा, म्हणजे घरी वाचून येता यायचं.

भोंगाबाई सिस्टरांच्या बरोबर समोरची खुर्ची धरून बसायला लागली. वादळात नाव बुडायला आली तरी प्रभू झोपलेला, तो प्रसंग होता तेव्हा इतरांनी सांगितलं, मला शांती वाटली, मला विश्वास वाटला. हिची पाळी आली. ही म्हणाली, "मी सरळ जाऊन त्याला हलवलं. म्हटलं, ऊठ, इथे माणसं बुडताहेत आणि तू उशी घेऊन झोपलायस? घरात असंच एक माणूस होतं माझ्याकडे, छप्पर गळायला लागलं तरी घोरायचं." खोलीच्या काचा हादरल्या असतील. पोस्टमन होता गटात, साधा हसरा माणूस, तो रुमालात तोंड घालून हसला. नियम होता, म्हणून कुणी काही बोललं नाही. सिस्टर मात्र म्हणाल्या, "पुढच्या वेळी विचारा त्याला, काय म्हणतो ते." आणि भोंगाबाईने खरंच विचारलं.

आता घंटेचं. ती घंटा नाजूक होती, मिटल्या डोळ्यांना धक्का बसू नये अशी. भोंगाबाईच्या कानाला ती वाजली काय आणि न वाजली काय. बाकीचे डोळे उघडायचे आणि ही तशीच बसून. प्रार्थनेत असलेल्या माणसाला हलवायचं नाही हाही नियमच होता. पहिल्यांदा सगळे थोडा वेळ थांबले. पुढच्या गुरुवारी जास्त थांबले. हिला कमरेत कळ आली किंवा चहाचा वास आला की ही डोळे उघडायची, आणि बघते तो सगळे तिच्याकडे तोंडात बोट घालून बघताहेत.

गटात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळा गाव त्यांना मोठ्या बाई म्हणायचा. खोलीची किल्ली त्यांच्याकडे, चर्चच्या कमिटीवर त्या, आणि हजेरी घ्यायची त्यांची सवय शाळेबरोबर सुटली नव्हती. भोंगाबाईच्या मोठ्या आवाजाने त्या पहिल्या दिवसापासून कावलेल्या. पण हे बसणं बघून त्या विरघळल्या. "ही आत गेलीय," त्या हलकेच म्हणाल्या. "घंटासुद्धा पोचत नाही तिथे." झालं. एकीने म्हटलं की दुसऱ्याला तेच दिसायला लागतं. त्यातच एकदा शांततेत पोस्टमनच्या हातून चहाचा ट्रे निसटला. कप, बशा, चमचे, सगळं फरशीवर. सगळे खुर्चीतून उडाले. भोंगाबाईच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही. त्या दिवशी मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे तिला सगळं नंतर पोस्टमनकडून कळलं. तेव्हा तिला इतकंच दिसलं, की माणसं बदलली. हात असलेली चांगली खुर्ची तिच्या जागी आली. तिच्या कपात आधी चहा पडायला लागला. मोठ्या बाई जवळ येऊन आपल्या गुडघ्यासाठी प्रार्थना करा म्हणून सांगायच्या, तेही इतक्या हळू आणि मान खाली घालून, की हिला त्यातलं अर्धंच समजायचं. ती आपली "हो हो, करीन" म्हणायची. करायचीही. तिला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी कुणालातरी आपण आवडलो. बिचारीला न विचारता हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसवलं होतं आणि तिला वाटत होतं आपण खुर्चीवर बसलोय.

पडायचा दिवस आला तो किल्लीमुळे. घराची किल्ली भोंगाबाई चुकून बरोबर घेऊन आली होती आणि मुलगी कामावरून येऊन दाराबाहेर ताटकळली होती. ती चर्चच्या मागच्या खोलीत आली तेव्हा घंटा होऊन बराच वेळ झाला होता. त्या दिवशी मोठ्या बाईंनी परगावाहून आपल्या बहिणीला मुद्दाम आणलं होतं, बघ म्हणून. सगळे हात जोडून भोंगाबाईकडे बघत होते.

"काय झालं आईला?" मुलीने विचारलं.

"शू," मोठ्या बाई म्हणाल्या. "त्या प्रभूपाशी आहेत. घंटा ऐकू येत नाही त्यांना."

"अहो, तिला काहीच ऐकू येत नाही," मुलगी म्हणाली. "ठार बहिरी आहे ती. हात लावायचा." आणि तिने आईच्या खांद्याला हात लावला.

भोंगाबाईने डोळे उघडले. समोरची तोंडं तिने वाचली, आणि ओठ न हलताही तिला सगळं कळलं. पोस्टमन जमिनीकडे बघत होता. मोठ्या बाईंची बहीण पदराआड हसत होती, आणि मोठ्या बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता.

"इतके दिवस तुम्ही आम्हाला मूर्ख बनवलंत," त्या म्हणाल्या.

"मी?" भोंगाबाई उभी राहिली. "बाई, मी डोळे मिटून बसले होते. डोळे मिटून कुणाला फसवता येतं होय? मी कधी म्हटलं मी संत आहे म्हणून?"

"बहिऱ्या आहात असंही कधी म्हटलं नाहीत."

याला उत्तर होतं, पण ते झाडूचं होतं, पगाराचं होतं, पुऱ्या आयुष्याचं होतं, आणि एवढं लांब उत्तर ऐकायला तिथे कुणी थांबलं नसतं. ती मुलीला घेऊन घरी गेली.

खरी गोष्ट अशी, की फसवलं कुणी कुणाला नव्हतं. चूक झाली होती, आणि ती ध्यानाला बसणाऱ्यांचीच होऊ शकते. दुसऱ्या कुठल्याही खोलीत कुणीतरी तिला दुसऱ्या मिनिटाला ढोसलं असतं. पण मोठ्या बाई गावभर सांगून तोंडघशी पडल्या होत्या, आणि तोंडघशी पडलेल्या माणसाला उठताना कुणाचा तरी हात नाही, कुणाचं तरी मानगूट लागतं. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी भोंगाबाईला गाठलं. आता त्या मोठमोठ्याने बोलत होत्या, तोंड वेडंवाकडं करून, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं.

"येत्या गुरुवारी प्रभूने बऱ्या केलेल्या बहिऱ्या माणसाचा प्रसंग घेऊ. तुम्हाला मध्ये बसवू. सगळे मिळून तुमच्या कानांवर हात ठेवू आणि प्रार्थना करू. ऐकू आलं तर प्रभूची कृपा."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुम्हाला संध्याकाळची माळेची प्रार्थना बरी. तिथे माइक आहे. आमच्या बैठकीत घंटेला उठावं लागतं, सांगितलेलं ऐकावं लागतं. दरवेळी एकासाठी सगळ्यांनी किती थांबायचं?"

बाजूला सिस्टर उभ्या होत्या, हातातला रुमाल पिळत. किल्ली मोठ्या बाईंकडे, कमिटी मोठ्या बाईंची, म्हणून सिस्टर मूग गिळून गप्प. फक्त जाताना त्यांनी भोंगाबाईच्या समोर येऊन सावकाश म्हटलं, "ताई, तुम्ही या."

घरी मुलगी चिडली. ती चिडली आईवरच, जसं आपल्या माणसावर चिडायचं असतं. "कशाला जायचं तिथे? अपमान करून घ्यायला? आधी म्हणे संत, आता म्हणे बरी करतो. त्यापेक्षा ते यंत्र घाल ना, एवढे पैसे घातलेत." हे सगळं ती भांडी घासता घासता बोलली. भोंगाबाईला त्यातलं काही कळलं नाही, पण पाठीवरूनच राग कळला. तिने जाऊन नळ बंद केला.

"इकडे बघून बोल," ती म्हणाली. "तुझ्या घरात सगळे बोलतात आणि मी एकटी बहिरी. तिथे सगळे गप्प बसतात. त्या अर्ध्या तासात त्या खोलीत कुणीच बहिरं नसतं. मी पण नसते. ती एक खुर्ची आहे मला साऱ्या गावात. ती मी माइकसाठी सोडू?"

मुलीने ओले हात पुसले. ती आईच्या समोर आली, तिच्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "नको सोडूस." त्या दिवशी भांडी भोंगाबाईने घासली.

चार दिवस ती चष्मा लावून तो प्रसंग वाचत होती. आधी रागाने वाचला, मग सवयीने, आणि मग एकदा वाचता वाचता थांबली. त्या बहिऱ्या माणसाला लोकांनी आणलं होतं. हात ठेव म्हणून गळ घातली ती लोकांनी. त्या बिचाऱ्याला कुणी विचारल्याचं कुठे दिसत नव्हतं. आणि प्रभूने सगळ्यात आधी काय केलं? त्याला गर्दीतून बाजूला नेलं. "शहाणा आहे," भोंगाबाई मोठ्याने म्हणाली, आणि शेजारच्या खोलीत जावई दचकून उठला.

गुरुवारी ती गेली तेव्हा खुर्च्यांचा गोल होता आणि गोलाच्या मधोमध एक खुर्ची. दात काढायला बसवतात तशी. मोठ्या बाई बाह्या सरसावून तयार. भोंगाबाईने सगळ्यांकडे एकदा बघितलं, मधली खुर्ची उचलली, सिस्टरांच्या समोर आपल्या जागी नेऊन ठेवली आणि बसली.

"आधी हात ठेवायचे ठरलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आधी वाचायचं, मग बसायचं, मग बोलायचं. बैठकीचा नियम आहे. की तोही माझ्यासाठी बदललात?"

सिस्टरांनी पुस्तक उघडलं. दर वाक्यानंतर त्या मान वर करत होत्या आणि पुढचं वाक्य भोंगाबाईकडे बघून वाचत होत्या. मग सगळ्यांनी डोळे मिटले.

भोंगाबाई त्या जागी जाऊन उभी राहिली. ऊन होतं, धूळ होती आणि मागून ढकलणारे हात होते. त्यात मोठ्या बाईंचा हात तिने बरोबर ओळखला. प्रभू आला, तिच्या मनगटाला धरून तिला बाजूला घेऊन गेला, तिसऱ्या शेडच्या मागे पत्र्याच्या कातरणांचा ढीग असायचा तिथे. मग तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने आधी तिच्याकडे तोंड केलं. तसं करणारं एकच माणूस तिला माहीत होतं. प्रभूने कानांकडे हात नेले तेव्हा ती म्हणाली, "राहू दे. कान द्यायचे असले तर कधीही दे, मी नाही म्हणणार नाही. पण त्या लोकांनी सांगितलं म्हणून नको." त्याने हात खाली घेतले. दोघं त्या ढिगाशी बसली, आणि डोक्यातला ठोका चालूच होता, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

आज तिने डोळे आपणहून उघडले. सिस्टरांनी घंटा उचलली ती तिने पाहिली. घंटा हलली, माणसांनी डोळे उघडले, आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. तिने जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं, मागून ढकलणाऱ्या हातांसकट.

"ही काय प्रार्थना झाली?" मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रभू बरं करतोय आणि ही त्याला नको म्हणते."

"बाई," पोस्टमन म्हणाला. "सांगणाऱ्याला उलट बोलायचं नाही. नियम आहे."

"मला बोलू दे," भोंगाबाई म्हणाली. "मोठ्या बाई, तुमच्या गुडघ्यासाठी मी रोज प्रार्थना केली. गुडघा बरा झाला नाही म्हणून तुम्हाला कुणी खोलीबाहेर काढलं का? मग माझे कान दुरुस्त करून मी ही खुर्ची का मिळवायची? कारखान्यात कान गेले हे लपवून मी मशीन राखलं. इथे नाही लपवणार. मी बहिरी आहे आणि मी येणार. तुम्हाला हात ठेवायचाच असेल तर खांद्यावर ठेवा, वेळ संपली की. कानावर नको. एवढंच काम आहे, कुणालाही जमेल."

कुणी काही बोललं असेल तर तिने बघितलं नाही, कारण ती पुढे म्हणाली, "मी आता परत बसते. तुम्हाला जायचं तर जा, दिवा घालवा, कुलूप लावा." आणि तिने डोळे मिटून घेतले.

बोलायला ते सोपं होतं. खरं सांगायचं तर भोंगाबाई घाबरली. डोळे उघडे होते तोवर ती भोंगाबाई होती. डोळे मिटले की तिच्याकडे काही उरत नव्हतं. माणसं उठून गेली तरी तिला कळणार नव्हतं. प्रार्थना सुचेना. तो कातरणांचा ढीगही पुन्हा सापडेना. तळपायांना फरशीतून खुर्ची सरकल्याचा थरथराट कळला. मग पावलं, जड, एक पाय ओढत जाणारी. मग दार उघडलं असावं, कारण गार वारा तोंडावर आला. गेल्या, तिला वाटलं. एक गेली की सगळे जातात. एक डोळा किलकिला करून बघावं असं तिला फार वाटलं. नाही उघडणार, ती मनात म्हणाली, मेले तरी नाही उघडणार. मांडीवरचे हात तिने घट्ट धरले आणि बसून राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. वारा थांबला. फरशी पुन्हा थरथरली, तोच ओढलेला पाय, आणि मग नाकाला गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास आला. खांद्यावर हात पडला. हलका नव्हता, चांगला भार टाकून ठेवलेला होता.

भोंगाबाईने डोळे उघडले. सगळे आपापल्या जागी होते. सिस्टर, पोस्टमन, सगळे. मोठ्या बाई दारापर्यंत जाऊन आल्या होत्या आणि आता तिच्या बाजूला उभ्या होत्या, तोंड कडू करून. पण त्या वळल्या, तिच्या समोर तोंड आणलं आणि म्हणाल्या, "वेळ संपली."

भोंगाबाईने त्यांच्याकडे बघितलं, आपल्या खांद्यावरच्या हाताकडे बघितलं, आणि तिन्ही शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "थांबा. माझं अजून झालं नाही."

आणि तिने डोळे मिटले. या वेळी तिला कुणी संत समजत नव्हतं. तरी सगळे थांबले. मोठ्या बाईंनीही हात काढला नाही, कारण गुडघा ठणकत होता आणि टेकायला जवळ दुसरं काही नव्हतं.